रेड फ्लॅग हवाई युद्धसराव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेड फ्लॅग म्हणजे नेमके काय?

रेड फ्लॅग हा अमेरिकी हवाई दलाचा युद्धसराव आहे. तो नेवाडा राज्यात, लास वेगासच्या ईशान्येला असलेल्या नेलिस हवाई तळावर वर्षातून काही वेळा घेतला जातो. पहिला सराव नोव्हेंबर १९७५ मध्ये झाला. एक सराव साधारण दोन ते तीन आठवडे चालतो आणि त्यात लढाऊ विमानांबरोबर बॉम्बफेकी विमाने, हवेत इंधन भरणारी टँकर विमाने, आकाशातून टेहळणी करणारी अवॅक्स विमाने, शत्रूची रडार यंत्रणा निकामी करणारी विमाने आणि पडलेल्या वैमानिकाला सोडवून आणणारी हेलिकॉप्टरेही भाग घेतात. येथे येणाऱ्या प्रत्येकाला आपले विमान उत्तम चालवता येते, हे गृहीतच धरलेले असते. युद्धाच्या पहिल्या काही दिवसांत जो गोंधळ, जी घाई आणि जे भय वाट्याला येते, त्याची ओळख शांततेच्या काळातच करून द्यावी, यासाठी हा सारा खटाटोप आहे.

असा सराव सुरू करण्याची गरज का पडली?

याचे मूळ व्हिएतनाम युद्धात आहे. १९६० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाची सारी भिस्त क्षेपणास्त्रांवर होती. शत्रूचे विमान डोळ्यांना दिसण्याआधीच ते दुरून पाडता येईल, जवळून झुंजण्याची वेळच येणार नाही, असा विश्वास इतका पक्का होता की, फँटम या त्यांच्या मुख्य लढाऊ विमानाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये तोफच बसवलेली नव्हती. प्रत्यक्ष युद्धात डागलेल्या स्पॅरो क्षेपणास्त्रांपैकी लक्ष्यावर बसणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास राहिले. शिवाय, समोरचे विमान शत्रूचेच आहे याची खात्री पटल्याखेरीज मारा करायचा नाही, या नियमामुळे वैमानिकांना पुष्कळदा अगदी नजरेच्या टप्प्यात जाऊन लढावे लागले.

समोर मिग-१७ आणि मिग-२१ ही लहान, चपळ विमाने होती, आणि फँटमच्या वैमानिकाने आजवर सराव केलेला असे तो दुसऱ्या फँटमशी. वेगळ्या जातीच्या विमानाशी झुंजण्याचा सराव अपघातांच्या धास्तीने जवळजवळ बंद ठेवण्यात आला होता. सरावात माणसे दगावू नयेत म्हणून घातलेले हे बंधन हेतूने चांगलेच होते, पण त्यामुळे मिगशी पहिली गाठ थेट रणांगणावर पडू लागली.

यावर नौदलाने आधी हालचाल केली. कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांच्या १९६८ च्या अहवालानंतर मार्च १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील मिरामार येथे टॉपगन हे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बवर्षाव थांबण्यापूर्वी नौदलाचे वैमानिक स्वतःचे एक विमान गमावून शत्रूची सरासरी दोन ते अडीच विमाने पाडत असत. १९७२ मध्ये मोठ्या हवाई लढाया पुन्हा सुरू झाल्यावर हेच प्रमाण सुमारे बारावर गेले. त्याच काळात हवाई दलाचे प्रमाण मात्र दोनच्या आसपासच घुटमळत राहिले. विमाने बहुतांशी तीच आणि शत्रूही तोच असल्यामुळे हा फरक प्रशिक्षणाचा आहे, हे हवाई दलाला नाकारता येईना.

‘पहिल्या दहा मोहिमां’चा सिद्धांत काय आहे?

व्हिएतनाममधील एकेका हवाई चकमकीची छाननी करण्यासाठी हवाई दलाने ‘रेड बॅरन’ नावाचा अभ्यास हाती घेतला होता. त्यातून निघालेला निष्कर्ष सोपा आणि अस्वस्थ करणारा होता. वैमानिक मारला जाण्याचा धोका त्याच्या पहिल्या दहा लढाऊ मोहिमांत सर्वाधिक असतो, आणि त्या पार पडल्या की त्याची वाचण्याची शक्यता झपाट्याने वाढते. मेजर रिचर्ड ‘मूडी’ सूटर या अधिकाऱ्याने त्यावरून असा विचार मांडला की, या पहिल्या दहा मोहिमा युद्धाआधीच, जेथे चूक झाली तरी माणूस संध्याकाळी जिवंत परततो अशा ठिकाणी उरकून घ्याव्यात. हवाई दलाची लढाऊ विमाने सांभाळणाऱ्या टॅक्टिकल एअर कमांड या विभागाचे प्रमुख जनरल रॉबर्ट डिक्सन यांनी ही कल्पना उचलून धरली आणि १९७५ सालच्या अखेरीस पहिला सराव पारही पडला. लष्करी कारभाराचा एकूण संथपणा पाहता हा वेग थक्क करणारा आहे.

सरावात शत्रू कोण होतो?

सरावातील मित्रपक्षाला ‘ब्लू’ आणि शत्रुपक्षाला ‘रेड’ म्हणतात. पंचांचे आणि नियंत्रकांचे पथक ‘व्हाइट’ म्हणून ओळखले जाते. रेड बाजूचा कणा म्हणजे ‘अॅग्रेसर’ स्क्वाड्रन. शत्रूची विमाने, त्यांची क्षेपणास्त्रे, त्यांच्या डावपेचांतील खोडी आणि त्यांचे कच्चे दुवे यांचा अभ्यास करणे हेच या वैमानिकांचे पूर्णवेळ काम असते. पहिले अॅग्रेसर स्क्वाड्रन रेड फ्लॅगच्याही आधी, १९७२ मध्ये, नेलिसवरच टी-३८ या प्रशिक्षण विमानांनिशी उभे राहिले. पुढे एफ-५ आणि नंतर एफ-१६ विमाने आली, आणि २०२२ पासून रेड बाजूला एफ-३५ विमानांचेही स्क्वाड्रन आहे. या विमानांवर परकीय हवाई दलांच्या धर्तीचे रंग चढवलेले असतात. आकाशात क्षणभरच नजरेस पडणारे विमान परके वाटावे, एवढाच त्यामागचा उद्देश आहे.

अॅग्रेसर वैमानिकाला स्वतःचे सगळे कौशल्य वापरण्याची मुभा नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. त्या दिवशी तो ज्या देशाच्या वैमानिकाची भूमिका करतो, त्या देशाच्या पद्धतीनेच त्याला लढावे लागते आणि त्या देशाच्या क्षेपणास्त्राचा जेवढा पल्ला असेल तेवढ्याच अंतरावरून मारा करावा लागतो. स्वतः जिंकण्यापेक्षा समोरच्याला शिकवण्यात त्याचे यश मोजले जाते.

येथे एका स्वतंत्र उपक्रमाचाही उल्लेख करायला हवा. नेलिसच्या वायव्येला टोनोपा येथे १९७९ ते १९८८ या काळात अमेरिकी हवाई दल खरीखुरी मिग विमाने गुपचूप उडवत होते. ‘कॉन्स्टंट पेग’ या नावाच्या या उपक्रमावरील गोपनीयता २००६ मध्ये उठली. जवळपास सहा हजार विमानकर्मींना या मिगशी झुंजण्याचा अनुभव तेथे मिळाला. आयुष्यात पहिल्यांदा खरे मिग शेजारी आले की चांगला तयारीचा वैमानिकही काही क्षण नुसता पाहत राहतो, आणि ते क्षण युद्धात घालवणे परवडणारे नसते. म्हणूनच तेथील पहिल्या उड्डाणात झुंज नसे. आधी मिगच्या शेजारून उडायचे आणि ते डोळे भरून पाहून घ्यायचे, असा क्रम होता.

सराव होतो तो प्रदेश कसा आहे?

नेलिसच्या उत्तरेला सुमारे २९ लाख एकरांचा, म्हणजे जवळपास १२ हजार चौरस किलोमीटरचा ओसाड वाळवंटी प्रदेश सरावासाठी राखून ठेवलेला आहे. त्यात नकली धावपट्ट्या, रणगाड्यांचे तांडे, वाहनांचे ताफे आणि क्षेपणास्त्रतळ उभारलेले आहेत. जमिनीवरील यंत्रे शत्रूच्या रडारसारख्या लहरी सोडतात, त्यामुळे विमानातील इशारा देणारी यंत्रणा युद्धात वाजेल तशीच वाजते. क्षेपणास्त्र सुटल्याचा भास व्हावा म्हणून पुठ्ठा आणि फोमपासून बनवलेली छोटी रॉकेटे सोडण्याची पद्धत आहे. ‘स्मोकी सॅम’ म्हणून ओळखले जाणारे हे रॉकेट हातात घेतले तर खेळण्यासारखे हलके लागते, पण जमिनीलगत वेगाने चाललेल्या वैमानिकाला उजवीकडून वर चढणारी पांढऱ्या धुराची रेघ तेवढी दिसते, आणि ती पाहून त्याचा हात आपोआप वळतो.

एका दिवसाची मोहीम कशी पार पडते?

दिवसाला सहसा दोन मोहिमा असतात, आणि त्यांतली एक बहुधा रात्रीची असते. मोहिमेची आखणी आदल्या दिवशीच सुरू होते. ब्लू बाजूच्या एका वैमानिकाला मिशन कमांडर नेमले जाते आणि कोणते लक्ष्य केव्हा गाठायचे, वाट कोणी मोकळी करायची, टँकर कोठे थांबायचे, बचावपथक केव्हा हलायचे, हे सर्व त्याला जुळवून आणावे लागते. आजवर फार तर चार विमानांचे नेतृत्व केलेल्या तरुण अधिकाऱ्यावर एकाएकी पन्नास-साठ विमानांची जबाबदारी येऊन पडते, आणि त्यांतली निम्मी कधीकधी अशा देशांची असतात की ज्यांच्यासोबत तो यापूर्वी कधीच उडालेला नसतो. पहिल्या आठवड्यात धोके तुलनेने सोपे ठेवतात आणि पुढे ते वाढवत नेतात. उपग्रहांकडून येणारे स्थानदर्शक संकेत किंवा संदेशवहन मुद्दाम बिघडवणे हादेखील आता नेहमीच्या अभ्यासाचा भाग आहे.

खरे क्षेपणास्त्र न सोडता विमान ‘पडले’ हे कसे ठरते?

बहुतेक विमानांच्या पंखाखाली क्षेपणास्त्राच्या आकाराचे एक उपकरण लावलेले असते. विमानाचे स्थान, उंची, वेग आणि कल ते सतत जमिनीवरील केंद्राला कळवत राहते. वैमानिक लक्ष्यावर रडार रोखतो, कळ दाबतो आणि रेडिओवर मारा केल्याचे जाहीर करतो. त्या अंतरावरून, त्या वेगाने आणि त्या कोनातून सोडलेले क्षेपणास्त्र पोहोचले असते काय, याचा हिशेब केंद्रात होतो, आणि उत्तर होकारार्थी आले की नियंत्रक त्या विमानाला बाद ठरवतो. हवेतल्या हवेत मारा करण्याच्या सरावात जिवंत क्षेपणास्त्र वापरले जात नाही. जमिनीवरील लक्ष्यांवर मात्र दारू नसलेले, आणि काही वेळा खरेही, बॉम्ब टाकले जातात.

बाद झालेले ब्लू विमान लढाईतून बाहेर पडते. बाद झालेले रेड विमान एका ठरावीक जागेपर्यंत मागे जाते आणि तेथून ‘नवे’ विमान म्हणून परत लढाईत उतरते. त्यामुळे मोजकी विमाने असूनही रेड बाजूला मोठ्या हवाई दलाचे सोंग वठवता येते.

मोहिमेनंतरच्या डीब्रीफिंगला एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण सरावाचे खरे फळ तेथेच पदरात पडते, असे माझे ठाम मत आहे. हवेतली प्रत्यक्ष लढाई तासाभरात आटोपते, तर तिची चिकित्सा कित्येक तास चालते. ती आधी छोट्या गटांत होते आणि नंतर सर्वांच्या एकत्र बैठकीत. मोठ्या पडद्यावर प्रत्येक विमानाची वाट रेषांनी उमटते आणि मोहीम सेकंदासेकंदाने पुन्हा घडताना दिसते.

एक उदाहरण घेऊ. एका वैमानिकाने चाळीस किलोमीटरवरून क्षेपणास्त्र सोडले आणि शत्रूचे विमान पाडल्याचे रेडिओवर सांगितले. त्याचा आवाज खात्रीचा होता आणि त्याला मनापासून तसे वाटतही होते. पडद्यावर चित्र थांबवून पाहिले तेव्हा कळले की, क्षेपणास्त्राचे स्वतःचे रडार चालू होण्याच्या चार सेकंद आधीच त्याने विमान वळवले होते आणि लक्ष्यावरची पकड सुटली होती. क्षेपणास्त्र वाया गेले आणि शत्रू जिवंत राहिला. त्या शत्रूने पुढच्या दीड मिनिटात मागून येणारी दोन बॉम्बफेकी विमाने टिपली. मग प्रश्न येतो की, त्याने विमान आधी का वळवले? त्याला डावीकडून धोका आहे असे वाटले. तसे का वाटले? साथीदाराचा अर्धवट संदेश ऐकून. तो संदेश अर्धवट का राहिला? कारण त्याच क्षणी दुसरे दोघे बोलत होते. पाच वेळा ‘का’ विचारल्यावर असे निघते की, चूक कळ दाबणाऱ्या बोटाची नव्हती. रेडिओवर कोणी केव्हा बोलायचे हे सकाळच्या ब्रीफिंगमध्ये नीट ठरलेच नव्हते.

हे साधायचे तर माणसांना आपली चूक भर सभेत, स्वतःच्या तोंडाने सांगता यायला हवी. म्हणून डीब्रीफिंगच्या खोलीत हुद्दा दाराबाहेर ठेवण्याची रीत आहे. लेफ्टनंट कर्नलची चूक लेफ्टनंटने दाखवून दिली तर कर्नल ती लिहून घेतो. सबबी कोणी देत नाही आणि टोमणेही कोणी मारत नाही. ही शिस्त एका दिवसात अंगी बाणत नाही, आणि ज्या दलात ती रुजलेली नसते, त्याला महागडी विमाने घेऊनही या सरावातून थोडेच मिळते.

हा सराव कितपत सुरक्षित आहे?

पूर्णपणे सुरक्षित तो नाही. सुरुवातीच्या वर्षांत, विशेषतः जमिनीलगतच्या उड्डाणांत, अपघातांचे प्रमाण बरेच होते. ७ फेब्रुवारी १९८० रोजी ब्रिटनच्या हवाई दलाच्या बुकॅनियर विमानाचा पंख धातूच्या थकव्यामुळे सरावादरम्यान निखळला आणि त्यातील दोघेही मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्या जातीची सर्व विमाने तपासणीसाठी जमिनीवर उभी करण्यात आली. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राउलर विमानाला उड्डाणाच्या वेळीच धावपट्टीवर आग लागली, पण त्यातील वैमानिक सुखरूप बचावले.

नियम कडक आहेत आणि प्रत्येक मोहिमेआधी त्यांची उजळणी केली जाते. प्रत्येक विमानाभोवती ५०० फुटांचा, म्हणजे सुमारे दीडशे मीटरचा एक अदृश्य बुडबुडा मानला जातो आणि त्यात कोणीही शिरायचे नसते. जोरदार झुंजीसाठी किमान उंची ठरलेली असते आणि तिच्या खाली गेलेले विमान जमिनीवर आदळले असे समजले जाते. कोणालाही, अगदी कनिष्ठ वैमानिकालाही, काही बिनसल्याचे वाटले तर ‘नॉक इट ऑफ’ एवढे तीन शब्द उच्चारून सारी लढाई थांबवता येते. रेडिओ बंद पडला असेल तर पंख हलवत राहणे हीच त्याची खूण असते. अशी लढाई थांबवणाऱ्याला नंतर कोणी नावे ठेवत नाही.

शेवटी जिंकते कोण? आकडे खरे असतात का?

वर्तमानपत्रांत आकडे झळकतात. उदाहरणार्थ, २०१७ मध्ये हवाई दलाचे एफ-३५ए प्रथमच रेड फ्लॅगमध्ये उतरले तेव्हा एकास वीस, म्हणजे आपले एक गमावून शत्रूची वीस, असे प्रमाण सांगितले गेले. असे आकडे जपून वाचावेत. सरावाची परिस्थिती शिकवण्याच्या सोयीने रचलेली असते. कधी रेड बाजूला मुद्दाम जास्त बळ दिलेले असते, तर कधी ब्लू बाजूची एखादी यंत्रणा बंद ठेवलेली असते. पाहुणे देश आपल्या रडारची खरी ताकद झाकून ठेवतात. या आकड्यांवरून दोन विमानांची तुलना करणे म्हणजे सराव परीक्षेच्या गुणांवरून दोन विद्यापीठांचा दर्जा ठरवण्यासारखे आहे.

भारतीय हवाई दलाने यात भाग घेतला आहे का?

होय. ऑगस्ट २००८ मध्ये भारतीय हवाई दल आठ सुखोई-३० एमकेआय, दोन आयएल-७८ टँकर आणि एक आयएल-७६ मालवाहू विमान घेऊन नेलिसला गेले. त्याआधी भारतीय तुकडीने आयडाहो राज्यातील माउंटन होम तळावर पूर्वतयारी केली होती. भारतीय विमानांनी आपली रडार केवळ प्रशिक्षणासाठीच्या मर्यादित पद्धतीने वापरली. शिवाय इतरांशी आपोआप माहितीची देवाणघेवाण करणारी जोडणी त्यांच्याकडे नव्हती, त्यामुळे गर्दीच्या आकाशात आपला कोण आणि परका कोण हे ओळखणे अवघड गेले. त्यानंतर एका अमेरिकी अधिकाऱ्याच्या भाषणाची चित्रफीत पसरली आणि सुखोई श्रेष्ठ की अमेरिकी विमाने श्रेष्ठ यावर बराच धुरळा उडाला. त्यात चर्चिल्या गेलेल्या एकास एक झुंजी माउंटन होम येथील होत्या, रेड फ्लॅगमधल्या नव्हत्या, हे त्या गदारोळात बाजूलाच राहिले. माहितीच्या जोडणीअभावी आपलाच साथीदार बाद होऊ शकतो, हा धडा वादात कोण जिंकले यापेक्षा फार मोलाचा होता.

अलास्कातील आयल्सन तळावर होणाऱ्या ‘रेड फ्लॅग अलास्का’मध्ये भारताने २०१६ मध्ये सुखोई आणि जॅग्वार, तर जून २०२४ मध्ये राफेल विमाने नेली होती. हा सराव १९७६ मध्ये फिलिपिन्समधील क्लार्क तळावर ‘कोप थंडर’ नावाने सुरू झाला. १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यावर तो अलास्काला हलवण्यात आला आणि २००६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले.

इतर देशांत असे सराव होतात का?

कॅनडातील मेपल फ्लॅग, ऑस्ट्रेलियातील पिच ब्लॅक, तुर्कस्तानातील अनाटोलियन ईगल आणि इस्रायलमधील ब्लू फ्लॅग ही ठळक नावे. भारताने २०२४ मध्ये सुलूर आणि जोधपूर येथे ‘तरंग शक्ती’ हा आपला पहिला मोठा बहुराष्ट्रीय हवाई सराव भरवला.

आता सिम्युलेटर इतके प्रगत झाले असताना खऱ्या उड्डाणांची गरज उरते का?

उरते, पण कामाची वाटणी बदलली आहे. एफ-३५ सारख्या विमानाच्या सर्व क्षमता मोकळ्या आकाशात वापरल्या तर त्या इतरांनाही टिपता येतात, आणि आजच्या क्षेपणास्त्रांच्या पल्ल्यापुढे नेवाडाचे वाळवंटही अपुरे पडू लागले आहे. म्हणून नेलिसवर २०२० मध्ये आभासी सरावासाठी स्वतंत्र केंद्र उघडण्यात आले, आणि जानेवारी २०२४ पासून ‘बांबू ईगल’ या नावाने सरावाचे क्षेत्र थेट कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे प्रशांत महासागरावर नेण्यात आले.

तरीही सिम्युलेटरमध्ये मान वळवून मागे पाहताना शरीराचे वजन सात-आठ पटींनी वाढत नाही. रात्री, वादळी हवेत टँकरच्या नळीशी झगडताना इंधनाचा काटा खाली जात असल्याची जी धास्ती वाटते, ती तेथे येत नाही. विमान दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा कसही तेथे लागत नाही. दोन आठवडे, दिवसाला दोनदा, चाळीस अंशांच्या उन्हात तीच विमाने पुन्हा पुन्हा सज्ज करणे हीसुद्धा लढाईच आहे, आणि तिच्याबद्दल फारच कमी लिहिले जाते.

सामान्य नागरिकांना हा सराव पाहता येतो का?

तळाच्या आत प्रवेश नसतो आणि प्रत्यक्ष झुंजी वस्तीपासून दूर होतात. मात्र सराव सुरू होण्यापूर्वी तळाकडून विमानांची वर्दळ आणि रात्रीची उड्डाणे वाढणार असल्याची जाहीर सूचना दिली जाते. त्या दिवसांत तळासमोरच्या मोटार शर्यतीच्या मैदानाच्या परिसरात हौशी छायाचित्रकार ठरलेल्या वेळी येऊन उभे राहतात. तेथून दिसतात ती उड्डाणे आणि तासा-दीड तासाने एकामागून एक परतणारी विमाने.